पडद्यावरील आपला माणूस

(पुणे येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी आपणांपुढे कायद्याविषयी बोलावे अशी चालकांची अपेक्षा होती. परंतु गेल्या महिन्यात याच विहाराच्या पायरीवर एका भगिनीने मला एक प्रश्न विचारला, आणि तेव्हापासून तो माझ्या मनातून जात नाही. या भगिनीच्या कुटुंबाने नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलाने मित्राच्या घरी ‘फँड्री’ हा चित्रपट पाहिला आणि त्यानंतर दोन दिवस तो कोणाशी धड बोलला नाही. त्या मला म्हणाल्या, “ताई, आम्ही देव्हारा हलवला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, जुने सगळे मागे टाकले. मग पोरांना पुन्हा तेच डुकराचे नि शिव्यांचे सिनेमे कशाला दाखवायचे? जे उंबऱ्याबाहेर काढले ते परत घरात कशाला घ्यायचे?”

मी त्यांना त्या वेळी उत्तर दिले नाही, कारण उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. वकिलाने असे चारचौघांत कबूल करू नये. तरीही मी करते. आज तोच प्रश्न मी आपणां सर्वांच्या समक्ष हाती घेणार आहे आणि अलीकडे पाहिलेल्या काही चित्रपटांविषयी माझी मते सांगणार आहे. ही मते पंडिताची नव्हेत. मी केवळ एक हौशी प्रेक्षक आहे.

हे वेड मला वडिलांकडून आले. ते कारखान्यात कामगार होते. पगाराच्या दिवशी आम्हां भावंडांना सायकलवर पुढे-मागे बसवून ते नीलायमला किंवा अलकाला नेत, आणि घरात रॉकेल नाही, यांना सिनेमे सुचतात, असे म्हणत आई दारात उभी राही. जयंतीच्या रात्री वस्तीत भाड्याचा व्हीसीआर येई. मग लहान पोरे पुढे, म्हातारी माणसे बाजेवर, आणि पहाटेपर्यंत कोणी उठत नसे. पुढे कायदा शिकायला मी लॉ कॉलेज रोडने जाऊ लागले, तर तो रस्ताही सिनेमाचाच निघाला! १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ याच भागात होता. त्याच जागेवर १९६० साली शासनाने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली, आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच स्थापन झाले. वर्गात दंडसंहिता आणि संध्याकाळी जुने बोलपट, असे माझे दुहेरी शिक्षण झाले. त्यांपैकी कोणते अधिक उपयोगी पडले हे मी माझ्या अशिलांसमोर सांगणार नाही.

आता मुद्द्यावर येते. चित्रपट कसा पाहावा, हे मला एका वाक्याने शिकवले, आणि ते वाक्य कोणा चित्रपटसमीक्षकाचे नाही. ते परमपूज्य बाबासाहेबांचे आहे.

प्रभातने १९३५ साली संत एकनाथांच्या जीवनावर ‘धर्मात्मा’ हा बोलपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व! या बोलपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. ते सेन्सॉरला खपले नाही म्हणून बदलावे लागले. एकनाथ अस्पृश्यांना जवळ करतात, त्यांच्या पंक्तीला जेवतात आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतात, असे त्यात दाखवले आहे. पुढे लाहोरच्या मंडळाने नाकारलेले आपले जातिनिर्मूलनावरील भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापले आणि १९३७ साली त्याची दुसरी आवृत्ती काढताना गांधीजींच्या टीकेला उत्तर जोडले. त्या उत्तरात या बोलपटाचा नाव घेऊन उल्लेख आहे. आशय असा, की एकनाथ अस्पृश्यांना शिवले व त्यांच्यासह जेवले म्हणून आज ते पडद्यावर नायक झाले आहेत. परंतु त्यांनी हे केले ते जातीला आणि अस्पृश्यतेला त्यांचा विरोध होता म्हणून नव्हे, तर त्याने होणारा विटाळ गंगास्नानाने धुऊन निघतो अशी त्यांची समजूत होती म्हणून.

बंधुभगिनींनो, या वाक्याचा जरा विचार करा. सारे चित्रपटगृह डोळे पुसत असताना हा एक प्रेक्षक विचारतो, की त्याने हात लावला हे खरे, पण हात लावताना त्याच्या मनात काय होते? आम्ही वकील ज्याला उलटतपासणी म्हणतो ती हीच. साक्षीदार गोड बोलतो म्हणून त्याची साक्ष खरी मानायची नसते. त्याने काय केले हे विचारावे, का केले हे विचारावे, आणि तो निघून गेल्यावर मागे काय उरले हेही विचारावे. एकनाथ जेवून घरी गेले. महारवाडा होता तेथेच राहिला.

ही कसोटी घेऊन मी जुने बोलपट पुन्हा पाहिले. बॉम्बे टॉकीजचा १९३६ सालचा ‘अछूत कन्या’ फार गाजलेला. देवीकाराणी, अशोककुमार, आणि गाणी अशी की आजही लोक गुणगुणतात. त्यातील कस्तुरी ही रेल्वेफाटकावरील कामगाराची मुलगी. तिचे प्रेम ब्राह्मण मुलावर. पुढे काय होणार? दोघांचे लग्न तर लावता येत नाही. म्हणून कथा तिला धावत्या आगगाडीपुढे नेते, ती मरते, आणि तिचे स्मारक होते. जिवंतपणी जिला घरात घेता आले नाही तिला मेल्यावर हात जोडायला कोणाची हरकत नसते. याहून जास्त या बोलपटाविषयी मला काही म्हणायचे नाही.

बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ मात्र निराळा आहे, आणि त्याच्यावर थोडा वेळ घालवायलाच हवा. हा १९५९ सालचा चित्रपट. म्हणजे नागपूरच्या दीक्षेला तीन वर्षे होत होती त्या वेळचा. पटकीने मेलेल्या अस्पृश्य मजुराची तान्ही मुलगी एका उच्चवर्णीय अभियंत्याच्या घरी वाढते. नूतनने ही भूमिका इतक्या संयमाने केली आहे की तिच्या नुसत्या मान खाली घालण्याने माझ्या पोटात कालवते. पालक आई तिची ओळख करून देताना म्हणते, ही आमच्या मुलीसारखी आहे. ‘सारखी’! माझ्या व्यवसायात एकेका शब्दावर वर्षानुवर्षे खटले चालतात. पण या एका शब्दाएवढा वजनदार शब्द मी क्वचित ऐकला. मुलगी आणि मुलीसारखी यांत जे अंतर आहे त्यात आपल्या कित्येक पिढ्या राहिल्या. बिमल रॉय यांनी ते अंतर बरोबर पकडले याबद्दल त्यांना धन्यवाद दिले पाहिजेत.

परंतु शेवट पाहा. आई जिन्यावरून पडते, तिला रक्ताची गरज लागते, घरातील कोणाचेही रक्त जुळत नाही, सुजाताचे जुळते. ते रक्त शरीरात गेल्यावर आईचा भेदभाव जातो आणि ‘सारखी’ हा शब्द गळून पडतो. येथे माझ्यातला वकील उठून उभा राहतो. रक्त जुळले नसते तर? ती मुलगी मग जन्मभर मुलीसारखीच राहिली असती काय? हक्क ही काही कोणावर उपकार करून मिळवायची वस्तू नाही. आपल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ते कलम रक्त दिल्यानंतर लागू होईल असे त्यात लिहिलेले नाही.

याच चित्रपटात रवींद्रनाथांच्या ‘चंडालिका’चा प्रयोग आहे. ती आपल्या परंपरेतील कथा. विहिरीवर पाणी भरणाऱ्या चांडाळकन्येपाशी आनंद पाणी मागतो. ती आपली जात सांगून मागे सरते, आणि तो तिला म्हणतो की मी पाणी मागितले आहे, जात विचारलेली नाही. गंमत अशी की चित्रपटाच्या पोटात हे उत्तर आधीच आहे. आनंदाला रक्ताची तपासणी करावी लागली नाही. दिग्दर्शकाने ते रंगमंचावर ठेवले. घरातल्या लोकांना मात्र शेवटपर्यंत ऐकू आले नाही.

आता अलीकडच्या चित्रपटांकडे येते. २०२५ साली अनंत महादेवन यांचा ‘फुले’ हा हिंदी चित्रपट आला. तो महात्मा फुल्यांच्या जयंतीला, ११ एप्रिलला, येणार होता. आक्षेप उठले, आणि तो २५ एप्रिलला लागला. प्रमाणपत्र देताना मंडळाने जे बदल सुचवले त्यांत महार, मांग, पेशवाई हे शब्द आणि मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख होता. मी मुलीला घेऊन गेले होते. ती सहावीत आहे. वर्तमानपत्रात हे तिने वाचले होते. परत येताना रिक्षात तिने विचारले, “आई, ते शब्द वाईट आहेत का?”

मी तिला दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत नेले, जेथे १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली त्या भिडे वाड्याच्या जागी. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरवण्यात आला. समोर दगडूशेठच्या गणपतीची रांग. त्या गर्दीत उभी राहून मी तिला मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही चौदा वर्षांची मातंग मुलगी. १८५५ साली तिचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला आणि त्याचा विषयच मुळी मांग-महारांचे दुःख हा होता. तिने ते दोन्ही शब्द स्वतःच्या हाताने लिहिले. मुलीला मी एवढेच म्हटले, की शब्द ज्याच्या तोंडून निघतो त्यावर त्याचा अर्थ ठरतो. दुसऱ्याने हिणवण्यासाठी उच्चारला तर तो गुन्हा आहे, आणि त्याला १९८९ चा कायदा आहे. मुक्ताने लिहिला तर ती साक्ष आहे. साक्ष पुसून टाकल्यावर गुन्हा कसा शाबीत करायचा?

चित्रपट म्हणून ‘फुले’ मला मध्यम वाटला. पात्रे बोलण्याऐवजी वारंवार भाषण करतात, आणि पुण्याची माणसे हिंदीत भांडताना ऐकून जरा चमत्कारिक वाटते. पण पत्रलेखाने उभी केलेली सावित्रीबाई मनात राहते. आचार्य अत्रे यांनी १९५४ साली काढलेला ‘महात्मा फुले’ ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी तो अवश्य पाहावा. बाबूराव पेंढारकर आणि सुलोचनाबाई यांच्या भूमिका त्यात आहेत, आणि त्याच्या मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब हजर होते.

चित्रपटावरील आक्षेपांचा विषय निघाला आहे तर आपल्या तरुणांशी थोडे स्पष्ट बोलते. रुचणार नाही, पण बोलते. आपल्या विरोधातला चित्रपट आला की तो बंद पाडा, ही हाक आपल्याकडूनही येते. कायदा काय म्हणतो ते ऐका. ‘ओरे ओरू ग्रामत्तिले’ या तामिळ चित्रपटात जातीवर आधारलेल्या राखीव जागांवर टीका होती. मद्रास उच्च न्यायालयाने त्याचे प्रमाणपत्र रद्द केले. ३० मार्च १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि सांगितले, की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्तिस्वातंत्र्य दडपणे म्हणजे कायद्याच्या राज्याने शरणागती पत्करणे होय. पुढे २०११ साली ‘आरक्षण’ या हिंदी चित्रपटावर उत्तर प्रदेश सरकारने घातलेली बंदीही न्यायालयाने उठवली.

हे दोन्ही निर्णय वाचताना मला स्वतःला आनंद झाला असे म्हणणार नाही. राखीव जागा नसत्या तर मी आज या व्यासपीठावर नसते. परंतु ‘फुले’विरुद्ध आक्षेप उठले तेव्हा तो चित्रपट दाखवलाच पाहिजे असे म्हणायला आपल्या हाती कायद्याचा आधार कोणता होता? तोच, १९८९ चा. शत्रूच्या घरावर लावलेले कुलूप त्याच किल्लीने आपल्या घरालाही लागते. न पटणाऱ्या चित्रपटाला लेखणीने उत्तर द्यावे. ज्यात उघड जातीय अवमान असेल तेथे रीतसर फिर्याद करावी; चित्रपटगृहाच्या काचांनी आपले काय घोडे मारले आहे?

आता माझ्या धंद्याचा चित्रपट. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ सालचा. उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. आतापर्यंत मी तो चार वेळा पाहिला. हिंदी चित्रपटांतील न्यायालय आपण जाणताच: वकील ओरडतो, साक्षीदार रडतो, न्यायाधीश हातोडा आपटतो. माझ्या इतक्या वर्षांच्या वकिलीत मी एकदाही हातोडा पाहिलेला नाही. ‘कोर्ट’मध्ये खरे न्यायालय आहे. पंखा फिरतो, नावे पुकारली जातात, तारीख पडते. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप असा, की त्याचे गाणे ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. वीरा साथीदार यांनी ती भूमिका केली. ते नागपूरचे, चळवळीतलेच, आणि एप्रिल २०२१ मध्ये करोनाने गेले. त्यांच्या चेहऱ्यावर अभिनय दिसतच नाही, इतका तो अभिनय खरा आहे.

या चित्रपटात मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष आहे. ती रडत नाही. विचारले तेवढेच सांगते: नवऱ्यापाशी संरक्षणाची साधने नव्हती, गटारात उतरण्यापूर्वी तो आत खडा टाकून पाही, झुरळे बाहेर आली की समजायचे आत हवा आहे, वायूने त्याचा एक डोळा गेला होता. बस. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ सुस्कारले. मी मात्र माझ्या कचेरीतील खुर्च्यांवर बसून गेलेल्या बायका आठवत होते, कारण त्या अशाच बोलतात, अशाच सपाट आवाजात, आणि न्यायालयाला वाटते हिला दुःखच झालेले नाही.

या चित्रपटात दुष्ट कोणीच नाही, हे त्याचे सर्वांत भयंकर अंग. सरकारी वकीलबाई संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक करतात, न्यायाधीश सुट्टीत सहलीला जातात, आणि शाहीर तुरुंगात राहतो. प्रत्येक जण आपापले काम करतो आहे! बाबासाहेबांची कसोटी येथे लावून पाहिली तर दिग्दर्शक तिला उतरतो, असे माझे मत आहे. तो कोणालाही गंगेत स्नान घालून शुद्ध करीत नाही.

चित्रपटात न सांगितलेली एक गोष्ट मात्र मला सांगितली पाहिजे, कारण आपल्यापैकी काहींच्या नात्यात या कामावरची माणसे आहेत. हाताने मैला साफ करण्यास बंदी करणारा कायदा २०१३ चा आहे. गटारात गुदमरून मृत्यू आल्यास कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली, आणि कायमचे अपंगत्व आल्यास किमान वीस लाख. मुकादमाने दोन लाख हातात देऊन कागदावर अंगठा मागितला तर तो देऊ नका. आधी कोणा वकिलाकडे या. माझ्याकडेच या असे नाही.

‘जय भीम’ बहुतेकांनी पाहिला असेल. २०२१ सालचा हा तामिळ चित्रपट १९९३ मधील खऱ्या कोठडीमृत्यूच्या प्रकरणावर आधारलेला आहे, आणि त्यातील वकील म्हणजे पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले के. चंद्रू. माझ्या कनिष्ठ सहकाऱ्यांना तो पाहून इतके स्फुरण चढले की आठवडाभर सारे ताठ चालत होते. तो फार चांगला चित्रपट आहे. तरीसुद्धा मी सांगते, वकिलाकडे कमी पाहा आणि सेंगेनीकडे जास्त पाहा. गरोदर बाई, नवरा नाहीसा झालेला. तिला पैसे देऊ करतात, ती घेत नाही. पोलीस गाडीत बस म्हणतात, ती बसत नाही. ती पायी चालते आणि गाडी तिच्या मागून हळूहळू येते. खटला तेथेच जिंकला गेला. अशील न डगमगता उभे राहिले नाही तर जगातला कोणताही वकील काही करू शकत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

आणि आता ‘फँड्री’. म्हणजे त्या भगिनीचा प्रश्न.

नागराज मंजुळे यांचा हा २०१३ सालचा चित्रपट. जब्या नावाचा कैकाडी समाजाचा शाळकरी मुलगा. गावातील डुकरे पकडण्याचे काम त्याच्या कुटुंबाकडे. वर्गातली मुलगी त्याला आवडते, आणि तिने आपल्याला डुकरामागे धावताना पाहू नये एवढीच त्याची जगाकडे मागणी आहे. सारे गाव मजा पाहत असते. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. ही माणसे आहेत तेथे स्तब्ध उभी राहतात, आणि तेवढ्यात हाताशी आलेले डुकर निसटते. पुढे पकडलेले डुकर काठीला बांधून जब्या आणि घरची माणसे नेतात, तेव्हा मागे शाळेची भिंत दिसते, बाबासाहेबांच्या आणि सावित्रीबाईंच्या चित्रांनी रंगवलेली. कोणी काही बोलत नाही. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो दगड थेट आपल्याकडे, प्रेक्षकांकडे, येतो.

त्या भगिनीचा मुलगा दोन दिवस बोलला नाही. मला विचाराल तर त्याने चित्रपट बरोबर पाहिला. ‘अछूत कन्या’ पाहून तो रडला असता आणि जेवला असता. त्या मुलाला कोणाची कीव आली नाही. त्याला राग आला, आणि त्या रागाचे काय करायचे हे घरात कोणी सांगेना म्हणून तो गप्प बसला. बाई, तुमचे म्हणणे मला समजते. उंबऱ्याबाहेर काढलेले पुन्हा घरात नको, हे म्हणण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे, कारण ते बाहेर काढताना तुमच्या सासरच्यांनी तुम्हांला काय ऐकवले हेही तुम्ही मला सांगितले आहे. परंतु मुलाने तो चित्रपट तुमच्याजवळ बसून पाहिला असता, तर डुकर निसटताना तो तुमच्याकडे पाहून काही विचारू शकला असता. मित्राच्या घरी तो कोणाकडे पाहणार?

माझ्या स्वतःच्या घरी आम्ही याविषयी बोलत नव्हतो. परिणाम सांगते. दहावीनंतर प्रवेशाचा अर्ज भरताना जातीच्या रकान्यावर मी डावा हात आडवा ठेवला आणि उजव्या हाताने लिहिले, शेजारच्या मुलीला दिसू नये म्हणून. कोणी मला काही म्हटले नव्हते. माझी मीच ती लाज घरून घेऊन गेले होते. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ती आजवर कोणाला सांगितली नव्हती.

२०२५ साली नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’ पाहताना तो हात मला पुन्हा दिसला. उत्तरेकडील एका खेड्यातले दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान. दोघांना पोलीस शिपाई व्हायचे आहे, कारण वर्दी घातली की कोणी नाव विचारणार नाही अशी त्यांची आशा. त्यातील चंदन हा अर्जावर राखीव जागेचा रकाना सोडून सर्वसाधारण वर्गात अर्ज भरतो. त्याच्या आईला शाळेत स्वयंपाकाचे काम मिळते आणि तिच्या हातचे नको म्हणून ते जाते. पुढे करोनाची टाळेबंदी येते, आणि दोघे गावाकडे निघतात. २०२० साली खरोखर घडलेल्या घटनेवर हे आधारलेले आहे. शेवट मी सांगत नाही. रुमाल मात्र बरोबर न्या. चित्रपटाच्या उत्तरार्धात संगीत थोडे जास्त झाले आहे, दुःख आपोआप पोहोचत असताना त्याला वाजंत्री कशाला हवी, अशी माझी तक्रार आहे. पण चंदनचा अर्ज मी विसरणार नाही.

आणि येथेच चालकांनी मला नेमून दिलेला विषयही येतो, म्हणजे त्यांचीही तक्रार राहू नये. नवदीक्षित कुटुंबांकडून मला सर्वांत अधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच: ताई, धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले तर पोरांची सवलत जाईल का? जाणार नाही. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात १९९० साली संसदेने दुरुस्ती केली आणि हिंदू व शीख यांबरोबर बौद्ध हा शब्द घातला. त्यापूर्वी केंद्राच्या सवलतींसाठी धर्मांतरित बौद्धांना चौतीस वर्षे झगडावे लागले. म्हणून भीतीपोटी धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहून ठेवू नका. धर्म बौद्ध, आणि जातीच्या दाखल्यावर जी अनुसूचित जात आहे ती आहे. दोन्ही सत्य आहेत, आणि दोन्ही कायदेशीर आहेत. घरात एकाचे कागद हिंदू आणि दुसऱ्याचे बौद्ध असा घोळ असेल तर मात्र पडताळणीच्या वेळी दमछाक होते. तेव्हा तो आताच निस्तरावा. मुलांना हे कागद भरताना जवळ बसवा आणि रकान्यात काय लिहिले व का लिहिले ते सांगा.

वेळ झाली असे अध्यक्ष महाराज खुणावीत आहेत. दोन सूचना देऊन थांबते. ज्यांना दाखल्यांविषयी विचारायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर मागच्या खोलीत यावे. मूळ कागद आणि एक झेरॉक्स आणावी, जुने शाळा सोडल्याचे दाखले असल्यास उत्तम. दुसरे असे, की येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता याच सभागृहात आपण ‘सुजाता’ पाहणार आहोत. १९५९ सालच्या चित्रपटाचे स्वामित्वहक्क साठ वर्षांनी, म्हणजे २०१९ च्या अखेरीस, संपले; तेव्हा कोणाची परवानगी काढण्याचा प्रश्न नाही, हे मी तपासून घेतले आहे. चित्रपट संपल्यावर मुलांनी प्रश्न विचारायचे आणि मोठ्यांनी उत्तरे द्यायची. ज्या भगिनीच्या प्रश्नावरून मी आज बोलले त्या मुलाला घेऊन येणार आहेत. सतरंज्या कमी पडतात. प्रत्येकाने घरून एक चटई आणावी.

जयभीम. नमो बुद्धाय.